लहान मुलांच्या बोलण्यावर हसावे की उत्तर द्यावे?

लालबागला राहणाऱ्या एका आईने विचारले आहे की तिचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर असे काही बोलत असतो की घरात हशा पिकतो. सासूबाई त्याची वाक्ये शेजारी जाऊन सांगतात, काका मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि पाहुणे आले की ‘काल काय म्हणालास ते सांग बघू’ अशी फर्माईश होते. अलीकडे मात्र तो कधी हसणाऱ्यांवर चिडतो, तर कधी तेच वाक्य मुद्दाम दहा वेळा म्हणत राहतो. आपण हसावे की नाही, त्याचे चुकलेले शब्द सुधारावेत की नाही आणि यात काळजी करण्यासारखे काही आहे का, असे तिचे तीन प्रश्न आहेत. मुंबईत मराठी बालवाडीत शिकवण्यात आणि पुढे बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवण्यात माझी अनेक वर्षे गेली, त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहिते.

आपण ज्याला गंमत म्हणतो ते बहुतेक वेळा मुलाने अगदी गंभीरपणे केलेले विधान असते. हाती असलेल्या माहितीवरून त्याने काढलेला तो निष्कर्ष असतो. माहिती अपुरी असते, पण त्या माहितीपुरता तर्क अनेकदा इतका नीट असतो की मोठ्यांनीही तो शांतपणे तपासून पाहावा. म्हणून मूल काय बोलले यापेक्षा ते कशावरून बोलले, हे शोधण्याची सवय घरातल्या मोठ्यांना लागली की तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळू लागतात.

आपल्या भाषेचेच पाहा. मराठीत झोप येते, राग येतो, कंटाळा येतो, आठवण येते, ताप येतो आणि जातो, नळाला पाणी येते आणि जाते, लाइट जाते, पाऊस येतो आणि गावाहून मामाही येतो. या सगळ्यांसाठी येणे आणि जाणे हीच दोन क्रियापदे आहेत. मामा येतो तेव्हा दारातून येतो, त्याच्या हातात पिशवी असते आणि चहा घेऊन तो परत जातो, हे मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असते. मग ‘झोप आली का रे?’ या प्रश्नावर ‘नाही आली, दार लावलंय ना’ असे उत्तर एखाद्या मुलाने दिले तर त्यात चुकीचे काय आहे? आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई ‘आज फार कंटाळा आलाय’ म्हणाली तेव्हा मुलीने ‘मग त्याला पण चहा दे’ असे सुचवले होते. दुसऱ्या एका मुलाला आईने कपाळाला हात लावून ‘ताप गेला हं’ असे सांगितले, तर त्याने ताबडतोब ‘कोणाकडे गेला?’ असे विचारले. घरात एकाचा ताप उतरला की दुसऱ्याला चढतो, हे त्याने नुकतेच पाहिलेले होते, त्यामुळे हा प्रश्न मला तरी फार मोलाचा वाटतो. अशा वेळी उत्तर द्यावे आणि ते सोपे असावे: ‘ताप म्हणजे अंग गरम होणं. तुझं कपाळ काल गरम होतं, आज हात लावून बघ, गार आहे. पण तू ज्या रुमालाने नाक पुसलंस तोच दीदीने घेतला तर तिलाही सर्दी-ताप होऊ शकतो.’ एवढे सांगायला अर्धे मिनिट लागते, आणि आपण विचारलेल्या गोष्टीचे उत्तर मिळते असा मुलाचा विश्वास त्या अर्ध्या मिनिटात वाढतो.

नात्यांच्या शब्दांचेही असेच आहे, आणि इथे तर गोंधळाची सुरुवात आपणच करून ठेवलेली असते. आपण मुलाला चांदोमामा, चिऊताई, पोलिसमामा अशी ओळख करून देतो आणि मांजर ही वाघाची मावशी आहे असेही सांगतो. त्याच सुमारास मूल हेही शिकत असते की मामा म्हणजे आईचा भाऊ आणि मावशी म्हणजे आईची बहीण. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की सिग्नलवर उभा असलेला हवालदार हा आईचा भाऊ ठरतो आणि मग त्याने बाबांना दंड का केला, हे मुलाला कळेनासे होते. ‘आई, चंद्र तुझा भाऊ आहे, मग भाऊबीजेला तो घरी का येत नाही?’ हा प्रश्न मी एका साडेचार वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकला आहे. जिला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळावे अशी रीत आपल्याकडे आहेच. मोठ्यांनी जी कल्पना परंपरेतून घेतली तिच्यापाशी ही मुलगी स्वतःच्या विचाराने पोहोचली होती. तिच्या आईने तिला ती रीत सांगितली आणि त्या भाऊबीजेला गच्चीत नेऊन चंद्राला ओवाळू दिले. प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

काही घरांमध्ये मूल वडिलांना ‘अहो’ म्हणून हाक मारते, कारण आई त्यांना तशीच हाक मारते. हाकेचा शब्द हेच नाव, असे मुलाला वाटते. त्यावर आजी-आजोबा हसून लोटपोट होतात, पण मुलाने केलेले निरीक्षण अचूक असते. ‘मी अहो म्हणते, तू बाबा म्हण, आजी त्यांच्या नावाने हाक मारते’ असे एकदा सांगितले आणि पुढे आपण त्याच्याशी बोलताना ‘बाबा आले’ असे म्हणत राहिलो की ही सवय काही दिवसांत आपोआप मोडते. बाबांनाही कोणीतरी आई आहे आणि ती आई म्हणजे आपली आजी, ही गोष्ट मात्र मुलाला पचायला बराच वेळ लागतो. ‘बाबा लहान होते तेव्हा त्यांना शाळेत मी सोडायचो का?’ यासारखे प्रश्न तेव्हाच येतात. जुने फोटो दाखवून हळूहळू सांगत राहावे, घाई करू नये.

आता शब्द सुधारण्याविषयी. या आईने लिहिले आहे की मुलगा ‘मी चित्र करलं’, ‘मच्छर मरला’ असे म्हणतो, आणि मुलगा असूनही ‘मी आले’ म्हणतो. धर-धरलं, भर-भरलं, पसर-पसरलं अशी रांग लावली की कर-करलं आणि मर-मरला हेच यायला हवे. ‘केलं’ आणि ‘मेला’ हे अपवाद आहेत, नियम मुलाचा आहे. पालक घाबरतात ते यासाठी की अडीच वर्षांचा असताना तो ‘केलं’ असे बरोबर म्हणत होता आणि आता बिघडला. प्रत्यक्षात तेव्हा त्याने तो शब्द ऐकून जसाच्या तसा उचललेला होता. मधल्या काळात भूतकाळ कसा बनवायचा हे त्याचे त्यालाच उमगले आणि तो नियम त्याने सगळीकडे लावला. ही वाढ आहे. अमेरिकेत जीन बर्को या संशोधिकेने 1958 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे ‘वग’ असे बनावट नाव सांगितले होते, आणि दोन प्राणी दाखवल्यावर बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ हे अनेकवचन आपणहून तयार केले होते. तो शब्द त्यांनी पूर्वी कधीही ऐकणे शक्य नव्हते. मी हेच मराठीत करून पाहते. कागदावर काहीतरी वेडेवाकडे काढून ‘हा एक टिबा, आता हे दोन…’ असे म्हणून थांबले की चार वर्षांची मुले ‘टिबे’ असे ओरडतात, आणि ‘ही एक झोमी’ म्हटले की ‘झोम्या’ म्हणतात. घोडा-घोडे, काठी-काठ्या हे कोणीही त्यांना समोर बसवून शिकवलेले नसते.

त्यामुळे ‘करलं नाही, केलं म्हण’ असे दरडावून म्हणवून घेण्याने फारसे काही साधत नाही. मूल जे सांगायला आले होते ते बाजूला राहते आणि शब्दाची परीक्षा सुरू होते. त्याऐवजी त्याचेच वाक्य बरोबर रूपात आपल्या उत्तरात सहज यावे: ‘अरे वा, तू चित्र केलंस? कशाचं केलंस?’ मुलाच्या कानावर बरोबर रूप पडते आणि बोलणेही पुढे जाते. हे पुन्हा पुन्हा, न कंटाळता करावे लागते. ‘मी आले’चेही तसेच. मुलगा दिवसभर आई आणि आजी यांच्या सहवासात असेल तर ‘मी’बरोबर ‘आले, गेले, जेवले’ हीच रूपे त्याच्या कानावर पडतात, मोठ्या भावामागे फिरणारी मुलगी ‘मी आलो’ म्हणते. स्वतःविषयी बोलताना क्रियापदात लिंग सांगावे लागणारी भाषा शिकणाऱ्या मुलांना हे कोडे सोडवावेच लागते. बाबांनी रोज संध्याकाळी त्याच्याशी थोडे निवांत बोलावे. ‘मी आज दादरहून चालत आलो, तू कसा आलास?’ अशी वाक्ये कानावर पडली की पुरते. त्यावरून ‘बायकी बोलतो’ असे कोणी चिडवत असेल तर ते मात्र तिथल्या तिथे थांबवावे.

काळाच्या शब्दांबद्दल फार अपेक्षा ठेवू नये. ‘काल’ म्हणजे होऊन गेलेले सगळे आणि ‘उद्या’ म्हणजे व्हायचे राहिलेले सगळे, असा अर्थ मुले बराच काळ घेतात, आणि ‘परवा’ हा शब्द तर आपण पुढच्या-मागच्या दोन्ही दिवसांसाठी वापरतो. ‘आपण उद्या गणपतीत गावाला गेलो होतो’ असे वाक्य ऐकले की ‘हो, गणपतीत गेलो होतो’ एवढेच म्हणावे.

संख्यांमध्ये मुलांची बुद्धी फार सुंदर दिसते. ‘अठ्ठावीस’च्या पुढे अनेक मुले ‘नववीस, दहावीस’ असे मोजतात आणि घरचे हसतात. पण एकवीस, बावीस, तेवीस या रचनेत आधी सुटा आकडा येतो हे त्यांनी हेरलेले असते, आणि तिथेच एकोणतीस हा शब्द ‘तिसाला एक कमी’ अशा वेगळ्याच हिशेबाने येतो. मोठ्यांना पाठ असल्यामुळे यातली अडचण जाणवत नाही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात बराच वाद झाला. त्या वादात कोणाचेही मत काहीही असो, मराठी संख्यानामे लहान मुलांना अवघड जातात ही अडचण खरी आहे आणि ‘दहावीस’ म्हणणाऱ्या मुलाने ती आपल्या परीने सोडवलेली असते. त्याला ‘छान, आणि दहावीसला आपण तीस म्हणतो’ असे सांगावे.

मुंबईतल्या मुलांच्या बोलण्यात आणखी एक भर पडते. घरी मराठी, भाजीवाल्याशी हिंदी, शाळेत इंग्रजी, शेजारी गुजराती असे चार आवाज त्यांच्या कानावर असतात. खेळातली लोकल चालवताना ‘पुढील स्टेशन बाल्कनी, अगला स्टेशन बाल्कनी, नेक्स्ट स्टेशन बाल्कनी’ अशी घोषणा करणारी मुले मी अनेक पाहिली आहेत. तिन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात हे त्यांना समजलेले असते. कोणती भाषा कोणासाठी, याचेही त्यांचे नियम असतात. रिक्षावाल्याने मराठीत उत्तर दिले तर ‘काका, तुम्ही हिंदीतच बोला ना’ असे सांगणारा मुलगा उद्धट नसतो, त्याच्या मनातली रिक्षाची भाषा बदलल्यामुळे तो गोंधळलेला असतो. दोन-तीन भाषा एका वाक्यात मिसळणे हे भाषा न येण्याचे लक्षण मानू नये. मात्र घरातल्या मोठ्यांनी मुलाशी बोलताना आपल्याला सहज येणाऱ्या भाषेत, पूर्ण वाक्यांत बोलावे, असा माझा आग्रह आहे. इंग्रजी शाळेच्या भीतीने घरी तुटक इंग्रजी बोलणाऱ्या आईकडून मुलाला ना धड इंग्रजी मिळते, ना गोष्टी सांगणारी मराठी.

चंद्र, सूर्य, समुद्र, गाडी यांना मन असते असे मानणारी वाक्येही याच वयातली. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी 1920च्या दशकात मुलांशी प्रदीर्घ संभाषणे केली तेव्हा आपण चालू लागलो की चंद्र आपल्याबरोबर येतो, असे अनेक मुलांनी त्यांना सांगितले होते. रात्री परळहून ठाण्याला निघालेले आपले मूल खिडकीतून तेच पाहते आणि ‘चंद्राने तिकीट काढलंय का?’ असे विचारते. लगेच अंतराचे शास्त्र समजावण्याची गरज नाही. ‘तुला काय वाटतं, तो आपल्याबरोबर का येत असेल?’ असे विचारले तर पुढची दोन स्टेशने उत्तम गप्पांमध्ये जातात. विसर्जनाच्या वेळी ‘बाप्पाला पोहता येतं का?’ असे विचारणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत मात्र पुष्कळदा काळजी असते. तिथे अजिबात हसू नये. त्याला जवळ घ्यावे आणि मूर्ती मातीची असते, ती पाण्यात विरघळते आणि पुढच्या वर्षी आपण नवी मूर्ती आणतो, हे खरे काय ते सांगावे.

लोकांसमोर पंचाईत करणारी वाक्ये हा पालकांना सर्वात अवघड वाटणारा भाग. ‘आई म्हणत होती तुम्ही आठ वाजता जाल, आता साडेआठ झाले’ असे मूल पाहुण्यांना सांगते, किंवा भरल्या लिफ्टमध्ये एखाद्याच्या पोटाकडे बोट दाखवून मोठ्याने प्रश्न विचारते. आपल्याला माहीत असलेले दुसऱ्याला माहीत नसू शकते, त्याला वेगळे वाटू शकते, ही समज अनेक मुलांमध्ये साधारण चार वर्षांच्या सुमारास स्थिरावू लागते. 1983 साली हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी केलेल्या प्रयोगापासून याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्याआधीचे मूल फोनवर आजीने ‘जेवलास का?’ विचारले की नुसती मान डोलावते, कारण आजीला आपण दिसत नाही हे त्याच्या लक्षातच आलेले नसते. जे फोनवर होते तेच पाहुण्यांसमोर होते. तेव्हा चारचौघांत मुलाला झापू नये. समोरच्याची क्षमा आपण मागावी, आणि घरी आल्यावर ‘त्या काकांना ऐकून वाईट वाटलं असेल, असा प्रश्न माझ्या कानात विचार’ असे सांगावे. कानात विचारण्याची ही युक्ती मुलांना आवडते आणि ती पाळतातही.

हसण्याविषयी आता स्पष्ट सांगते. मुले खरोखर विनोदही करतात. आजोबांचा चष्मा पायावर ठेवून ‘पायाचा चष्मा’ म्हणणारे, मांजरीला मुद्दाम ‘भूभू’ म्हणणारे मूल आपल्या चेहऱ्याकडे पाहत थांबते आणि त्याच्या ओठांवर हसू दाबलेले असते. तिथे मनमुराद हसावे, ते त्याचेच निमंत्रण असते. ज्या वाक्यानंतर ते आपल्या चेहऱ्याकडे उत्तराच्या अपेक्षेने पाहते, किंवा पाहतच नाही आणि खेळत राहते, ते वाक्य विनोदाचे नसते. हसू आवरले नाही तर ‘मला तुझं बोलणं फार आवडलं म्हणून हसले’ असे म्हणून लगेच उत्तर द्यावे. या आईचा मुलगा चिडतो, कारण त्याने काही विचारले आणि उत्तराऐवजी हशा मिळाला. तो तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो, कारण त्या वाक्यावर सगळी माणसे आपल्याकडे पाहतात हे त्याच्या ध्यानात आले आहे. दोन्हींचे मूळ एकच आहे. फर्माइशी थांबवल्या आणि उत्तरे सुरू केली की काही आठवड्यांत फरक दिसतो. काकांनी व्हिडिओ काढायला हरकत नाही, पण मुलाच्या फजितीचा व्हिडिओ मोठ्या ग्रुपवर पाठवू नये. तो उद्या मोठा होणार आहे आणि त्याचे मित्रही ते पाहतील.

काळजीविषयी थोडक्यात. चार वर्षांच्या मुलाला ‘र’ नीट न येणे, ‘रिक्षा’चे ‘लिक्षा’ होणे यात घाबरण्यासारखे नाही. अशा मुलाला आपण मुद्दाम ‘लिक्षा’ म्हटले तर ते रागाने ‘लिक्षा नाही, लिक्षा!’ असे आपल्यालाच सुधारते, म्हणजे फरक कानाला कळतो, जिभेला अजून जमत नाही. म्हणूनच त्याचे बोबडे बोल आपण बोलू नयेत. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान काही काळ अडखळत बोलणेही बऱ्याच मुलांमध्ये दिसते. पण सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची स्वतःची वाक्ये नाहीत, येत असलेली भाषा कोणत्याही वयात गेली, हाकेला प्रतिसाद नाही, किंवा चार वर्षांचे बोलणे बाहेरच्या माणसाला मुळीच कळत नाही, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नये. सर्वांत आधी श्रवणाची तपासणी करावी. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून वाचा आणि श्रवण यांवरच काम करते, आणि मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही त्याचा विभाग आहे. या आईने वर्णन केलेल्या मुलात मला अशी एकही खूण दिसत नाही.

सासूबाईंना नातवाची वाक्ये सांगण्यात जो आनंद मिळतो तो मोलाचा आहे, तो काढून घेऊ नये. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि त्यांच्या परंपरेत शिकलेल्या आम्हा शिक्षिकांना मुलांचे बोलणे टिपून ठेवण्याची सवय लावली गेली. तशी एक साधी वही घरात ठेवावी. मुलाचे वाक्य त्याच्याच शब्दांत, न सुधारता लिहावे, तारीख लिहावी, वय वर्षे आणि महिन्यांत लिहावे, आणि त्या वाक्याच्या आधी काय घडले होते तेही लिहावे, कारण त्याशिवाय वाक्याचा अर्थ लागत नाही. ही वही सासूबाईंकडेच द्यावी. दिवसभर घरी त्याच असतात, त्यामुळे ‘हे त्याला कशावरून सुचले’ याचे उत्तर बहुतेक वेळा त्यांनाच ठाऊक असते.